वॉलेटचा पत्ता टाकला, तरी देणग्या का येत नाहीत?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही तिघं मिळून चार वर्षं एक ओपन सोर्स लायब्ररी, म्हणजे कुणालाही फुकट वापरता येणारा खुला कोड, सांभाळताय. पीडीएफमधला मजकूर स्क्रीन रीडरला, म्हणजे दृष्टिहीनांना पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, योग्य क्रमाने वाचता यावा, शेजारशेजारचे स्तंभ एकमेकांत घुसू नयेत, तक्त्यातला आकडा कशाचा आहे हे ऐकणाऱ्याला कळावं, यासाठी ती आहे. सहा महिन्यांपूर्वी तुम्ही वेबसाइटच्या तळाशी देणग्यांसाठी बिटकॉइन आणि इथेरियमच्या वॉलेटचे (डिजिटल पाकिटांचे) पत्ते टाकलेत. आजवर दोनच देणग्या आल्या. आता तुम्ही विचारताय की अर्ज कोणत्या ग्रँटला (अनुदानाला) करावा, क्रिप्टोच्या पैशावर असा प्रकल्प खरंच चालतो का, आणि स्वतःचं टोकन, म्हणजे प्रकल्पाच्या नावाचं खरेदी-विक्री होणारं डिजिटल नाणं, काढावं का.

मी गेली सात वर्षं अशा प्रकल्पांसाठी निधी उभा करण्याचं काम करते. अर्ज लिहिलेत, आणि निवड समितीत बसून दुसऱ्यांचे अर्ज वाचलेतही. त्या अनुभवावरून लिहिते.

टोकनचं आधी सांगते, कारण ते लवकर संपतं. काढू नका. टोकन विकत घेणारा भाव वाढावा म्हणून घेतो, तुमची लायब्ररी चालावी म्हणून नाही. भाव पडला की तुमच्या इश्यू ट्रॅकरवर (अडचणी नोंदवण्याच्या पानावर) तक्त्यांच्या बगऐवजी भावाच्या तक्रारी येऊन पडतील. बऱ्याच देशांत अशा विक्रीला रोखेविक्रीचे कायदे लागू होऊ शकतात आणि तो व्याप तिघांना झेपणारा नाही. शिवाय लायब्ररी फुकट आहे आणि फुकटच राहावी असं तुम्हीच म्हणताय. मग टोकन घेणाऱ्याला नेमकं काय मिळणार, याचं सरळ उत्तर तुमच्याकडे नाही.

आता मूळ अडचण. तुमच्या प्रश्नातलं एक वाक्य मला खटकलं: ‘बरेच लोक वापरतात, पण नक्की कोण ते माहीत नाही.’ निधी अडलाय तो इथे. अर्थशास्त्रात जिला सार्वजनिक वस्तू म्हणतात, तशी तुमची लायब्ररी आहे. ती वापरण्यापासून कुणाला अडवता येत नाही, आणि एकाने वापरली म्हणून दुसऱ्याच्या वाट्याला कमी येत नाही. म्हणून प्रत्येकाला वाटतं, हिचा खर्च दुसरं कुणीतरी भागवत असेलच. २०१४ मध्ये ओपनएसएसएलमधली हार्टब्लीड त्रुटी उघड झाली, तेव्हा लोकांना कळलं की वेबवरच्या सुरक्षित जोडण्यांचा एवढा भार वाहणाऱ्या प्रकल्पाला वर्षाकाठी सुमारे २,००० डॉलर देणग्या मिळत होत्या. वापरणाऱ्यांत पैसेवाल्या कंपन्याही होत्या. पण तो प्रकल्प कोण चालवतं आणि कशावर चालवतं, हे त्यांच्या नजरेसमोर कधी आलंच नव्हतं.

क्रिप्टोने हे दुखणं आपोआप बरं होत नाही. त्याने इतकंच होतं की देशांच्या सीमा आड येत नाहीत, छोटी रक्कमही पोचते, आलेला-गेलेला पैसा सगळ्यांना दिसतो, आणि छोट्या देणग्यांवर मोठी जोडरक्कम, म्हणजे निधीने वरून घातलेली भर, वाटण्याचे नियम कोडमध्ये बसवता येतात. पण त्याबरोबर भावाची उलथापालथ येते आणि चुकलेला व्यवहार परत फिरवता येत नाही. ज्यांना नुसते पत्ते टाकून पैसा आला, त्यांची उदाहरणं लोक मला नेहमी देतात. २०१७च्या डिसेंबरात ‘पाइन’ नावाने एका अनामिक व्यक्तीने पाइनॅपल फंड सुरू केला आणि पुढच्या काही महिन्यांत ६० संस्थांना मिळून ५.५ कोटी डॉलरचं बिटकॉइन वाटून टाकलं. २६ फेब्रुवारी २०२२ रोजी युक्रेन सरकारने पत्ते जाहीर केले आणि काही आठवड्यांत कोट्यवधी डॉलर जमा झाले. पण त्या दिवशी सगळं जग युक्रेनकडे पाहत होतं, आणि पाइनॅपल फंडाने संस्था निवडल्या त्या त्यांचं काम बघून. पत्त्याच्या आधी बरंच काही घडून गेलेलं होतं.

काही गोष्टी मात्र तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या मला इथून ठरवता येणार नाहीत. तुमची नोंदणीकृत संस्था आहे की नाही? नसेल तर तुमच्या वतीने पैसे घेणारी, हिशेब ठेवणारी एखादी यजमान संस्था लागेल. ओपन सोर्स कलेक्टिव्ह हेच काम करते. तिघं वेगवेगळ्या देशांत राहत असाल तर प्रत्येकाच्या कराचा हिशेब वेगळा. आणि तुमच्या वापरकर्त्यांना क्रिप्टोबद्दल काय वाटतं, तेही विचारात घ्या. डिसेंबर २०२१च्या अखेरीस मोझिलाने क्रिप्टो देणग्यांचं आवाहन केलं, त्यावर इतकी टीका झाली की जानेवारी २०२२ मध्ये त्यांनी त्या थांबवल्या आणि नंतर धोरण बदललं. त्याच वर्षी १ मेला विकिमीडिया फाउंडेशनने आपल्या समुदायाच्या मागणीवरून क्रिप्टो घेणं बंद केलं. तुमच्या लोकांना आधी विचारा. विरोध असेल तर तो पैसे आल्यावर कळण्यापेक्षा आता कळलेला बरा.

माझ्या मते तुमच्यासारख्या प्रकल्पाला सर्वांत जास्त उपयोगाची गोष्ट म्हणजे जोडरकमेच्या फेऱ्या, ज्यांना मॅचिंग राउंड म्हणतात. त्यामागचं क्वाड्रॅटिक फंडिंगचं सूत्र इथेरियमचा सहसंस्थापक व्हिटालिक ब्युटेरिन, झोई हिट्झिग आणि ग्लेन वेल यांनी २०१८ मध्ये मांडलं, आणि गिटकॉइन या निधी जमवणाऱ्या मंचाने २०१९ पासून ते प्रत्यक्ष फेऱ्यांत वापरलं. सूत्र सोपं आहे. प्रत्येक देणगीचं वर्गमूळ काढायचं, सगळी वर्गमुळं मिळवायची आणि आलेल्या बेरजेचा वर्ग करायचा. त्यातून देणग्यांची रक्कम वजा केली की उरते ती जोडरक्कम. समजा तुमच्याकडे १०० डॉलर आले. एकाच माणसाने दिले असतील तर उत्तर १००च येतं, म्हणजे जोडरक्कम शून्य. चौघांनी पंचवीस-पंचवीस दिले तर प्रत्येकाचं वर्गमूळ ५, बेरीज २०, वर्ग ४००. आणि शंभर जणांनी एकेक डॉलर दिला तर बेरीज १००, वर्ग १०,०००. देणगीदारांकडून आलेले डॉलर तिन्ही वेळा शंभरच. प्रत्यक्षात निधीच्या तिजोरीत तेवढे पैसे नसतात, म्हणून सगळ्या प्रकल्पांचे आकडे त्या प्रमाणात खाली आणले जातात. पण कल कुठे आहे ते बघा: मोजली जातात ती माणसं.

अनेक प्रकल्प इथेच चुकतात आणि एखाद्या श्रीमंत देणगीदाराच्या मागे लागतात. आम्हीही तेच केलं होतं. गणिताची सूत्रं ब्रेलमध्ये बदलणाऱ्या एका प्रकल्पासाठी मी पहिली फेरी लढवली तेव्हाची गोष्ट. फेरी दोन आठवड्यांची होती आणि पहिल्या नऊ दिवसांत अकरा देणग्या आल्या. आम्ही समाजमाध्यमांवर रोज लिहीत होतो आणि ते वाचत होते आमच्यासारखेच दुसरे प्रकल्पवाले. दहाव्या दिवशी आम्ही लिहिणं थांबवलं आणि दोन वर्षांचा इश्यू ट्रॅकर उघडून बसलो. ज्यांनी कधीतरी अडचण कळवली होती आणि आम्ही ती सोडवली होती, अशी नावं एका वहीत उतरवली. मग प्रत्येकाला वेगळं पत्र: ‘गेल्या मार्चमध्ये तुम्ही मॅट्रिक्सच्या कंसांची अडचण कळवली होती. ती अमुक आवृत्तीत सुटली. हे काम पुढे चालावं म्हणून एक फेरी सुरू आहे. एक डॉलर दिलात तरी त्याचं वजन मोठं आहे, कारण असं.’ तीन संध्याकाळी त्यातच गेल्या. उरलेल्या चार दिवसांत सत्तरहून अधिक लोकांनी पैसे दिले.

त्यातला एक कॉल मला अजून आठवतो. एका ग्रंथपालबाईंना देणगी द्यायची होती, आणि त्या स्क्रीन रीडर वापरायच्या. त्यांनी वॉलेटचं पान उघडलं आणि मला त्यांच्या संगणकाचा आवाज ऐकू येत होता: ‘बटन. बटन. चित्र. बटन.’ एकाही बटनाला नाव नव्हतं. तीन डॉलर पाठवायला आम्हाला चाळीस मिनिटं लागली, कितवं बटन कशाचं हे मी मोजून सांगत होते. त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही. पण किती जणांनी पहिल्या मिनिटालाच सोडलं असेल, ते मला कधीच कळणार नाही. तुमचे वापरकर्ते नेमके हेच लोक आहेत. म्हणून कोणत्याही फेरीत उतरण्याआधी स्वतः स्क्रीन रीडर लावून, पडदा बंद करून, देणगी देऊन बघा. अडेल तिथे साध्या शब्दांत पायऱ्या लिहून ठेवा. आणि ज्यांना वॉलेटच्या भानगडीत पडायचं नाही, त्यांच्यासाठी साध्या कार्डाने पैसे देण्याचा रस्ता उघडा ठेवा. तो जोडरकमेत धरला गेला नाही तरी माणूस तुमच्याशी जोडलेला राहतो.

देणगी देण्याचं शुल्क हा पूर्वी मोठा अडसर होता. २०२१ मध्ये इथेरियमच्या मुख्य नेटवर्कवर दोन डॉलर पाठवायला त्याच्या कितीतरी पट शुल्क पडायचं. मार्च २०२४च्या इथेरियमच्या डेनकन अपग्रेडनंतर ऑप्टिमिझम, आर्बिट्रम, बेस अशा लेअर टू (इथेरियमच्या आधाराने चालणाऱ्या स्वस्त) नेटवर्कवरचं शुल्क बहुतेक वेळा काही सेंटांवर आलं. त्यामुळे आता एक डॉलर मागायला संकोच वाटायचं कारण नाही.

एक सक्त सूचना. माणसं मोजली जातात म्हटल्यावर खोटी माणसं उभी करण्याचा मोह होतो. एकाच माणसाने शंभर वॉलेट उघडायची, किंवा दोन प्रकल्पांनी ‘तू मला दे, मी तुला देतो’ असं ठरवायचं. फेरीवाले हे पकडतात. देणगीदार खरा माणूस आहे का हे तपासायला गिटकॉइन पासपोर्टसारखी साधनं आली, आणि त्याच त्या वॉलेटांनी त्याच त्या प्रकल्पांना पैसे दिले तर त्यांचं वजन कमी करणारी गणितंही वापरात आली. पकडलं गेलं की प्रकल्पाचं नाव कायमचं खराब होतं. ‘देणगी द्या, बदल्यात स्टिकर देतो’ हेसुद्धा बहुतेक ठिकाणी नियमाबाहेर आहे.

आता ग्रँट. त्यांचे ढोबळमानाने दोन प्रकार. एक, पुढे करायच्या कामासाठी आधी पैसे. दुसरा, झालेल्या कामाचा परिणाम बघून नंतर पैसे. दुसऱ्याचं ठळक उदाहरण ऑप्टिमिझमचं. २०२१च्या अखेरीस त्यांची पहिली फेरी १० लाख डॉलरची होती, ती ५८ प्रकल्पांत वाटली गेली. तिसऱ्या फेरीत, २०२४च्या सुरुवातीला, ३ कोटी ओपी टोकन (ऑप्टिमिझमची स्वतःची) ५०१ प्रकल्पांत गेली. मला ही पद्धत मनापासून आवडते, कारण ‘आम्ही अमुक करू’ यापेक्षा ‘आम्ही अमुक केलं’ हे तपासणं सोपं असतं. पण अडचण अशी की तोवर घर चालवायचं कशावर? शिवाय ऑप्टिमिझम काय किंवा इथेरियम फाउंडेशनचा इकोसिस्टम सपोर्ट प्रोग्रॅम काय, हे निधी मुख्यतः आपापल्या जगातल्या कामासाठी असतात. ऑक्टंट या निधीची रचना थोडी वेगळी आहे. गोलेम फाउंडेशनने १ लाख इथर (इथेरियमचं चलन) स्टेक केले, म्हणजे नेटवर्क चालवायला गुंतवून ठेवले, आणि त्यावरच्या उत्पन्नातला हिस्सा प्रकल्पांकडे वळवला, म्हणजे मूळ रक्कम तशीच राहते. अशा प्रत्येक ठिकाणचे नियम फेरीगणिक बदलतात, तेव्हा अर्ज लिहायला बसण्यापूर्वी दार उघडं आहे का तेवढं बघा.

तुमच्या कामाचा ब्लॉकचेनशी थेट संबंध नाही. म्हणून एक मोह तुम्हाला होईल: लायब्ररीला ओढूनताणून एखादा ब्लॉकचेनचा भाग जोडायचा आणि ग्रँट मिळवायची. असे अर्ज मी वाचलेत आणि एका प्रकल्पाचे त्यापायी सहा महिने वाया गेलेले जवळून पाहिलेत. ग्रँट मिळाली, तो भाग कुणी वापरला नाही, आणि मूळ बग तसेच राहिले. पण एक प्रामाणिक दुवा तुमच्याकडे आहे आणि तो तुमच्या लक्षात आलेला नाही. क्रिप्टोच्या जगात श्वेतपत्रिका आणि सुरक्षा तपासणीचे अहवाल सर्रास पीडीएफमध्ये निघतात, आणि त्यांत तक्ते खच्चून भरलेले असतात. दृष्टिहीन प्रोग्रॅमरला ते वाचताच येत नसतील तर तिने त्या कोडवर विश्वास कसा ठेवायचा? सार्वजनिक असलेले दहा अहवाल घ्या, तुमच्या लायब्ररीतून काढा, आधी काय ऐकू येत होतं आणि नंतर काय ऐकू येतं याच्या ध्वनिफिती ठेवा. त्यात तुमचं नेहमीचंच काम आहे, आणि ज्यांच्याकडे पैसे आहेत त्यांना ते समजतं.

अर्जाबद्दल समितीतल्या खुर्चीवरून सांगते. एका बैठकीत आम्ही पन्नास-साठ अर्ज वाचायचो. ‘आम्ही सर्वसमावेशक डिजिटल भविष्य घडवतो’ असं वाक्य आलं की डोळा तिथून घसरायचा. ‘दोन स्तंभांच्या पानावर स्क्रीन रीडर डाव्या स्तंभाची ओळ अर्धी वाचून उजवीकडे उडी मारतो, आमच्या लायब्ररीने तो आधी डावा स्तंभ पुरा करतो’ असं वाचलं की मी थांबून कोड उघडायचे. खर्च माणूस-महिन्यांत लिहा: कोण, किती महिने, कोणतं काम. आणि ग्रँट अर्धीच मिळाली तर काय करू आणि काय सोडून देऊ, हेही लिहा. अर्धे पैसे देण्याची वेळ समितीवर नेहमीच येते, आणि ज्याने त्याचा विचार केलाय त्याच्यावर विश्वास बसतो. शेवटची गोष्ट म्हणजे देखभाल. नव्या सुविधांना पैसे मिळतात, जुने बग मिटवण्याला कुणी देत नाही, अशी तक्रार मी सतत ऐकते आणि ती खरी आहे. तरीही देखभालीचा खर्च अर्जात लपवू नका. तो पहिल्या ओळीत, स्वतःच्या नावाने लिहा. आम्ही तसं लिहायला लागल्यापासून काही नकार आले, पण ज्यांनी होकार दिला त्यांनी दुसऱ्या वर्षीही दिला.

मंजुरीचं पत्र आलं म्हणजे पैसे आले असं धरून कुणाला कामावर घेऊ नका. नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स हे क्रिप्टो एक्स्चेंज कोसळलं तेव्हा त्याच्या फ्यूचर फंडातून मंजूर झालेल्या ग्रँट अधांतरी राहिल्या आणि फंड चालवणाऱ्या चमूने राजीनामे दिले. ज्यांनी त्या भरवशावर माणसं नेमली होती, त्यांच्यावर काय गुजरली असेल याचा विचार करून मला आजही अस्वस्थ वाटतं.

आणि पैसे खरंच आल्यावर? इथे मी स्वतः केलेली चूक सांगते. नोव्हेंबर २०२१ मध्ये एका प्रकल्पाला ग्रँट मिळाली, सगळी इथरमध्ये. तेव्हा इथरचा भाव ४,८०० डॉलरच्या आसपास गेला होता. आम्ही हिशेब मांडला: दोन माणसांचं दीड वर्षाचं काम निघेल. विकलं काहीच नाही, कारण भाव आणखी चढेल असं सगळेच म्हणत होते. जून २०२२ मध्ये भाव १,००० डॉलरच्या खाली जाऊन आला. उरलेल्या रकमेत जेमतेम तीन महिने निघत होते. आमच्या चाचण्या बघणाऱ्या मुलीला मी फोन करून सांगितलं की पुढच्या महिन्यापासून तुझं मानधन देता येणार नाही. तिने शांतपणे ऐकून घेतलं. तिची त्यात काहीच चूक नव्हती, ती पूर्णपणे माझी होती.

तेव्हापासून माझा नियम एकच आहे. पैसे आले त्या दिवशी, पुढच्या वर्षभराच्या मानधनाएवढी रक्कम डॉलरशी बांधलेल्या स्टेबलकॉइनमध्ये किंवा थेट बँकेत. उरलं तर त्याचं काय करायचं ते तिघांनी बसून, लिहून ठरवा. स्टेबलकॉइनही दगडावरची रेघ नाही. मे २०२२ मध्ये टेराचं यूएसटी मातीमोल झालं, आणि मार्च २०२३ मध्ये यूएसडीसीसुद्धा एका शनिवार-रविवारी ९० सेंटांच्या खाली जाऊन परत वर आलं. म्हणून पुढच्या दोन-तीन महिन्यांचा खर्च बँकेतच असू द्या. देणगीत कमी उलाढालीचं टोकन आलं तर आणखी जपा. मे २०२१ मध्ये ब्युटेरिनने भारतातल्या कोविड मदतनिधीला ५० लाख कोटी शिबा इनू टोकन दिली. कागदावर ती रक्कम १ अब्ज डॉलरच्या वर होती, पण तेवढी टोकन विकायला काढली की भावच कोसळतो, त्यामुळे कागदावरची रक्कम पूर्ण हातात येणं शक्यच नव्हतं.

वॉलेटच्या किल्ल्यांची, म्हणजे पैसे हलवू देणाऱ्या गुप्त संकेतांची, व्यवस्था आजच बदला. तुमचा सध्याचा पत्ता एकाच्या फोनमधल्या वॉलेटचा आहे, असं तुम्ही लिहिलंय. तो फोन हरवला आणि सीड फ्रेज (वॉलेट परत मिळवण्याचे गुप्त शब्द) नीट ठेवलेली नसली की सगळं संपलं. तिघांचं मल्टिसिग वॉलेट करा, ‘सेफ’ नावाच्या वॉलेटसारखं, ज्यात तिघांपैकी दोघांच्या सह्या लागतात. आमच्या एका सहकाऱ्याचं हार्डवेअर वॉलेट (किल्ली ठेवणारं छोटं उपकरण) प्रवासात हरवलं तेव्हा उरलेल्या दोघांनी सही करून त्याची जागा नव्या किल्लीला दिली, अर्ध्या तासात. पण मल्टिसिगचा एक सापळा आहे. ते ज्या नेटवर्कवर तयार केलं तिथेच ते तुमचं असतं. दुसऱ्या नेटवर्कवर तोच पत्ता दिसला तरी तिथे तुमचा ताबा असेलच असं नाही. २०२२ मध्ये ऑप्टिमिझमकडून विंटरम्यूट या कंपनीला जायची २ कोटी ओपी टोकन अशाच पत्त्यावर गेली आणि भलत्यानेच तो पत्ता आधी ताब्यात घेतला. विशेष म्हणजे त्याआधी दोन चाचणी व्यवहार झाले होते आणि ‘पोचले’ असं उत्तरही आलं होतं. म्हणून चाचणी करताना आलेली रक्कम त्याच पत्त्यावरून बाहेर पाठवून बघा, तेव्हाच ती पुरी झाली समजा.

पत्ता कधीही व्यवहारांच्या यादीतून उचलू नका. सुरुवातीची आणि शेवटची अक्षरं तुमच्या नेहमीच्या पत्त्यासारखी असलेला पत्ता बनवून, त्यावरून एखादा शून्य रकमेचा व्यवहार पाठवून यादीत घुसणारे भामटे असतात. आम्ही मोठी रक्कम पाठवताना एकजण पत्ता मधल्या अक्षरांसकट मोठ्याने वाचतो आणि दुसरा दुसऱ्या स्क्रीनवर जुळवतो. वॉलेटमध्ये न मागता आलेली अनोळखी टोकन दिसली तर त्यांना हातही लावू नका.

हिशेबाचं थोडक्यात. प्रत्येक देणगीची तारीख, ट्रान्झॅक्शन हॅश (व्यवहाराचा ओळख-क्रमांक), त्या दिवसाचा भाव आणि तुमच्या चलनातली किंमत त्याच दिवशी एका तक्त्यात नोंदवा. वर्षाअखेरीस मागे जाऊन ते शोधणं फार जड जातं. विकताना पुन्हा तेच. बऱ्याच देशांत मिळतानाचं उत्पन्न आणि विकतानाचा नफा वेगळे धरले जातात, आणि परदेशातून येणाऱ्या देणग्यांना वेगळे नियम असू शकतात. पहिली ग्रँट यायच्या आधी एकदा क्रिप्टो समजणाऱ्या लेखापालाकडे जाऊन या. ती फी खर्चात धरा.

तिघांत वाटणी कशी करायची, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण ते आत्ताच ठरवा. इथेरियमच्या गाभ्यावर काम करणाऱ्यांचं प्रोटोकॉल गिल्ड आहे, तिथे प्रत्येकाचा वाटा किती हे स्मार्ट कॉन्ट्रॅक्टमध्येच (ब्लॉकचेनवरच्या कोडमध्ये) लिहिलेलं असतं. आलेले पैसे एकदम न मिळता काळाच्या ओघात मोकळे होतात. तुम्हाला एवढी यंत्रणा नको. पण कुणाचा वाटा किती, कुणी सोडून गेलं तर काय, हे एका पानावर लिहून तिघांनी सह्या करा. पैसे नसताना हे बोलणं सोपं असतं.

तर पुढचे दोन महिने मी तुमच्या जागी असते तर असे घालवले असते. पहिले तीन आठवडे फक्त माणसं शोधायची: इश्यू ट्रॅकर, जुने ईमेल, तुमच्या लायब्ररीवर अवलंबून असलेल्या रिपॉझिटरी (इतरांच्या कोडची भांडारं). प्रत्येकाला एकच प्रश्न, ‘ही लायब्ररी उद्या थांबली तर तुमचं काय अडेल?’ आलेली उत्तरं, परवानगी घेऊन, वेबसाइटवर पत्त्यांच्या वरच टाका. त्याच काळात मल्टिसिग आणि हिशेबाचा तक्ता उरकून घ्या. मग त्या दहा अहवालांचं काम. त्यानंतर एखादी उघडी असलेली मॅचिंग फेरी आणि एकच ग्रँट अर्ज, एका वेळी दोन नकोत.

आणि त्या दोन देणग्या. ‘दोनच आल्या’ म्हणून तुम्ही त्या बाजूला सारल्यात, पण मी तिथूनच सुरुवात करेन. कुणी दिल्या ते ब्लॉकचेनवरून बहुधा कळणार नाही, पण कधी दिल्या ते मिनिटासकट कळतं. त्या दोन तारखा काढा आणि त्याच्या आधीच्या आठवड्यात तुम्ही काय प्रसिद्ध केलं होतं, कुणाचा बग बंद केला होता, ते शेजारी मांडून बघा. सापडलं तर त्या बगच्या धाग्याखाली दोन ओळी लिहा: या पत्त्यावर अमुक तारखेला देणगी आली, आमच्यापर्यंत पोचली, तिच्यातून अमुक काम केलं. तो माणूस तिथे परत येण्याची शक्यता बरीच आहे.